आकडा, पंखा, झोळी

मोठ्या सिस्टरांनी वाकड्या सळीचं टोक स्वतःच्या डाव्या तळहातावर दाबून धरलं आणि मनातल्या मनात साठपर्यंत मोजलं. सळी उचलली तेव्हा तळहाताच्या मधोमध एक पांढरा पट्टा उमटला होता. त्यात रक्त परतायला बराच वेळ लागला.

“हे काय चाललंय?” बुटकीनं विचारलं. “निवृत्त झाल्यापासून हाताची कातडी जास्त झाली का?”

“एक मिनिट धरली. उद्या तीन तास धरणार.”

“तुमच्या हातावर नाही धरणार.”

“माझ्या हातावर धरणार असते तर मी इथे आलेच नसते.”

बुटकीनं कपाटाचं दार लोटलं.

ऑपरेशन थिएटरच्या मागची ही हत्यारांची खोली. मोठ्या सिस्टरांनी इथे चौतीस वर्षं काढली होती. त्यांच्या काळी या खिडकीशी रबरी हातमोजे धुऊन, उलटे करून दोरीवर वाळत घातलेले असत. भोक पडलं की सायकलच्या ट्यूबसारखं ठिगळ लावायचं, वरून पावडर मारायची, की मोजे पुन्हा वापरात. काचेच्या सिरिंजा उकळायच्या भांड्याचा आवाज दिवसभर कानात असायचा. आता सगळं पाकिटातून येतं आणि पिशवीतून जातं. बुटकी तेव्हा नवी होती. टेबलापर्यंत हात पोचावा म्हणून पायाखाली लाकडी खोका घेऊन उभी राहायची. आता ती थिएटरची मुख्य होती. खोका मात्र अजून लागायचा.

उद्या सकाळी धाकटीचं ऑपरेशन होतं. धाकटी म्हणजे मोठ्या सिस्टरांची चौदा वर्षांनी लहान बहीण. शाळेत ग्रंथपाल. वजन एकशे एकवीस किलो, साखर वाढलेली, गुडघे गेलेले. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला शिडीच्या दोन पायऱ्या चढली तरी धाप लागायची. डॉक्टर तिचं जठर कापून लहान करणार होते. भूक कमी, म्हणजे वजन कमी. पण जठराच्या वरच्या भागावर यकृताचा डावा भाग झाकणासारखा पडलेला असतो. तो उचलून धरल्याशिवाय खाली कुणाला काही दिसत नाही, आणि काम संपेपर्यंत तो धरून ठेवावा लागतो. कशानं धरायचा, एवढाच प्रश्न. मोठ्या सिस्टर तीन दिवस तोच प्रश्न घोळवत होत्या.

हिरव्या कापडावर बुटकीनं तिन्ही प्रकार मांडले होते. थिएटरात कुणी त्यांची इंग्रजी नावं घेत नसे. आकडा म्हणजे ही जाड, वाकडी सळी. छातीच्या हाडाखाली एक जादा छेद घेऊन ती आत सरकवायची, यकृताखाली अडकवायची आणि बाहेरचं टोक टेबलाच्या लोखंडी हाताला आवळून टाकायचं. मग ती हलत नाही. पंखा बारीक नळीसारखा आत जातो आणि आत गेल्यावर बोटं पसरतो; त्याची मूठ मात्र कुणीतरी बाहेरून सारा वेळ धरून उभं राहावं लागतं. आणि झोळी म्हणजे मऊ नळीचा तुकडा, दोन टाक्यांनी आत टांगायचा, त्यावर यकृत विसावतं.

“झोळी सगळ्यात बरी,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

“हलक्या लिव्हरला. धाकट्या ताईंची सोनोग्राफी पाहिलीत ना? चौदा दिवस नुसतं पातळ प्यायल्या, तरी म्हणावी तेवढी उतरली नाही. चरबीनं जड आहे. झोळीतून ओघळेल.”

“मग पंखा.”

“सर पंखा वापरत नाहीत.” बुटकीनं पंख्याच्या पाकिटावरून बोट फिरवलं आणि त्यांना दाखवलं, ते पाकीट इतक्या वर्षांत उघडलंच गेलं नव्हतं, वर धूळ होती. “त्यांचं एकच. म्हणतात, लोखंडाला डुलकी लागत नाही.”

मोठ्या सिस्टरांनी नजर खाली वळवली.

“आणि ते दोन पेशंट?”

बुटकीनं दाराकडे बघितलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मी चौतीस वर्षं इथे होते. मला सफाईवाल्या मावशीसुद्धा सांगतात.”

“लांबलेल्या केसेस होत्या त्या. आकडा मधे मधे सैल करायचा असतो, पण कामाच्या भरात राहून जातं. जिथे दाब होता तिथे लिव्हर काळीनिळी पडली. एकजण आठवड्यात घरी गेले.” बुटकीनं आवाज खाली आणला. “दुसरे मात्र नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते. पण वाचले.”

धाकटीचं पित्ताशय पूर्वी एकदा काढलेलं होतं. आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असणार. तिची केस लांबणार हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

“तुम्ही त्यांना सांगा ना,” बुटकी म्हणाली. “तुमचा शब्द मोडणार नाहीत. अजून तुमचं नाव निघालं की खुर्चीतून अर्धे उठतात.”

तेच तर, मोठ्या सिस्टरांच्या मनात आलं. त्यांनी तळहात पदराला पुसला, जणू काही लागलं होतं.

वॉर्डात धाकटी उशीला टेकून बसली होती. पलंग तिच्याखाली लहान वाटत होता. समोरच्या कपात पिवळसर पाणी होतं.

“ये ताई. आजची मेजवानी बघ. यात भाजी बुडवून काढली होती म्हणे. भाजी कुणाला दिली ते कुणी सांगत नाही.”

“पी मुकाट्यानं.”

“पितेय. चौदा दिवस पितेय. लिव्हर आक्रसली की नाही माहीत नाही, जीव मात्र आक्रसला.” तिनं एक घोट घेतला आणि कप ठेवला. “इथल्या पोरी तुला अजून घाबरतात गं. मघाशी एकीला सांगितलं, मी मोठ्या सिस्टरांची बहीण. तिनं चादर परत घातली, कोपरे दुमडून.”

मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. त्या पलंगाच्या पायथ्याशी लावलेला कागद वाचत होत्या. तो त्यांना पाठ झाला होता.

“ताई.”

“काय?”

“तू आल्यापासून माझ्याकडे बघितलेलं नाहीस. पोटाकडे बघतेयस.”

त्यांनी मान वर केली. धाकटीचे डोळे लहानपणी ताप आल्यावर व्हायचे तसे झाले होते, मोठे आणि ओले.

“तुला काहीतरी माहीत आहे,” धाकटी म्हणाली. “बाकीच्यांच्या बहिणी नर्स नसतात, त्यांचं बरं. त्या नुसत्या देवाचं नाव घेतात. तू तिथे उभी राहून काय काय पाहिलंयस कोण जाणे. मला सांगू नकोस. पण ते डॉक्टर चांगले आहेत ना, एवढं सांग.”

“चांगले आहेत.”

“त्यांच्या हातून कधी कुणी...”

“त्यांच्या हातून कधीच नाही,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. इतक्या जोरात, की शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी वळून पाहिलं.

धाकटीनं मान हलवली आणि डोळे मिटले.  मोठ्या सिस्टरांच्या तोंडातून शब्द गेला होता, आणि तो खरा होता, आणि तो या जगात त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

चारच्या सुमारास त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर खरंच खुर्चीतून अर्धे उठले. छप्पन्न वर्षांचा माणूस, कानशिलं पांढरी झालेली. मोठ्या सिस्टरांना मात्र तो पंचविशीतला, ढगळ गाऊनमधला मुलगाच दिसायचा.

“बसा सिस्टर. धाकट्या ताईंची काळजी ना? सोडा. मी आहे.”

“मला एक विचारायचंय. उद्या पंखा वापराल?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बुटकीनं कान भरले का?”

“तीन तास लागतील. आकड्याचा दाब तीन तास एका जागी.”

“मधे सैल करीन.”

“त्या दोघांच्या वेळी राहून गेलं.”

एवढ्या स्पष्टपणे त्यांच्याशी कुणी बोलत नसावं. त्यांच्या मानेवर लाली चढली, पण आवाज तसाच राहिला.

“राहून गेलं. माझी चूक. सिस्टर, मी तिन्ही वापरून बघितलेत, आकडेवारी वाचलीय. झोळी जड लिव्हरला चालत नाही. आकड्यानं दुसऱ्या दिवशी रक्ताच्या तपासण्या थोड्या बिघडतात, बहुतेकांच्या आठवड्यात ताळ्यावर येतात. पंखा चांगला आहे. दाब कमीजास्त करता येतो, धरणारा शहाणा असेल तर आकड्यापेक्षाही चांगला. पण तो माणसाच्या हातात असतो.” त्यांनी पेन बाजूला सारलं. “आणि माणसाच्या हाताचं काय होतं ते तुम्ही माझ्याबरोबर उभं राहून पाहिलंय.”

मोठ्या सिस्टरांनी खुर्चीचा हात धरला.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा पोट उघडून ऑपरेशन होत असे आणि यकृत धरायला एक लांब, सपाट पातं असे. सगळे त्याला उलथणं म्हणायचे. उलथणं धरणाऱ्याला काही दिसत नसे. दुसऱ्याच्या काखेखालून हात घालून, मान वाकडी करून तासन्‌तास उभं राहायचं. तेव्हाचे मुख्य सर्जन फार तापट. सगळे त्यांना मागे जमदग्नी म्हणायचे. टेबलावर एक चाळिशीची बाई होती, शाळेत शिकवणारी. उलथणं या मुलाच्या हातात होतं, आणि तो दोन रात्री झोपला नव्हता. मग एकदम रक्त. जमदग्नींनी मान वर केली तेव्हा मूठ मुलाच्या हातात होती आणि मुलगा दचकून डोळे उघडत होता. “झोपलास?” एवढंच ते ओरडले. बाई चौथ्या दिवशी गेली.

“मला आठवतसुद्धा नाही हात कधी सुटला,” डॉक्टर म्हणाले. “तेच वाईट आहे. आठवत असतं तर निदान... त्या दिवसापासून मी कुणाच्याही हातात लिव्हर दिलेली नाही. ना माझ्या, ना दुसऱ्याच्या. हट्ट म्हणा हवं तर.”

“तुमचा हात सुटला नव्हता.”

डॉक्टरांनी वर पाहिलं.

 मोठ्या सिस्टरांना वाटलं, उठावं, दार उघडावं, जिना उतरून घरी जावं. उद्या याच माणसाच्या हातात धाकटीचं पोट असणार. आज त्याला हलवून ठेवायचं? पण न बोलावं तर आकडा. बोलावं तर कापरा हात. दोन्हीकडून धाकटीच.

“तुम्ही झोपला होतात. उभ्या उभ्या, डोळे मिटून. पण मूठ घट्ट होती. मला वाटलं, पातं जरा खाली आलंय, जमदग्नी आता ओरडणार. म्हणून मी तुमच्या हातावर हात ठेवला आणि वर ओढलं. आम्ही तसं नेहमी करायचो, नव्या मुलांचा हात न बोलता सरळ करायचो. मी न बघता ओढलं. माझं लक्ष दुसऱ्या हातातल्या चिमट्याकडे होतं. पात्याची कड आत गेली ती मला बोटांना कळली. आणि मी हात काढून घेतला.”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले.

“जमदग्नींनी वर बघितलं तेव्हा मी कापसाचे बोळे मोजत होते,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “आदल्याच महिन्यात त्यांनी एकीला काढून टाकलं होतं. धाकटी शिकत होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. उद्या सांगीन, परवा सांगीन, असं म्हणत राहिले. मग तुम्ही मोठे झालात. मला वाटलं, विसरलात.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, कागदांवर ठेवला. उघड्या डोळ्यांनी ते एकदम म्हातारे दिसले.

“मी त्या बाईंच्या घरी गेलो होतो,” ते म्हणाले. “तेराव्या की चौदाव्या दिवशी. यजमानांना सांगितलं, माझ्या हातून झालं. मला डुलकी लागली. त्यांनी ऐकून घेतलं. आत गेले आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आले.”

मोठ्या सिस्टरांना हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कधीच कळलं नव्हतं. तोवर डॉक्टर उभे राहिले.

“उद्या साडेसातला घेऊ. रात्री बारानंतर त्यांना पाणीसुद्धा देऊ नका.”

ही सूचना ते प्रत्येक नातेवाइकाला देत. मोठ्या सिस्टरांना त्यांनी आजवर कधी दिली नव्हती.

सकाळी धाकटीची ट्रॉली आत गेली तेव्हा डॉक्टर मागून चालत आले. मोठ्या सिस्टरांनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. डोळे लाल होते. ते बाकासमोरून सरळ निघून गेले. दार दोनदा हलून बंद झालं.

झोपलेले नाहीत. पुन्हा झोपलेले नाहीत, आणि या वेळी झोप आपण नेली.

त्या बाकावर बसल्या. चौतीस वर्षं त्या दाराच्या आतल्या बाजूला होत्या. बाहेर बसणाऱ्यांना काय होतं ते त्यांना कधी कळलंच नव्हतं. नातेवाईक दार उघडलं की उभे का राहतात, आणि उभं राहून पुन्हा का बसतात, याचं त्यांना हसू यायचं. आता त्या स्वतः अकरा वेळा उभ्या राहिल्या. एकदा वॉर्डबॉय बादली घेऊन बाहेर आला. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं.

“काही नाही आजी, पुसायचं पाणी आहे,” तो म्हणाला.

आत आता काय चाललं असेल, ते त्यांना क्रमाक्रमानं माहीत होतं, आणि तीच शिक्षा होती. आता पोटात हवा भरली. आता कॅमेरा आत गेला. आता पडद्यावर ती जड, पिवळट कड दिसली असेल. आता डॉक्टर हात पुढे करून काहीतरी मागत असतील. काय मागत असतील? तिथे गेल्यावर मोठ्या सिस्टरांचं मन पुढे जायला तयार होत नव्हतं. ते फक्त तो हात बघत होतं. तो थरथरतोय का, एवढंच.

दोन तास झाले. तीन झाले. बुटकी बाहेर आली नाही. बुटकीनं कबूल केलं होतं, मधे एकदा येऊन खूण करीन म्हणून. ज्याअर्थी ती आली नाही त्याअर्थी तिला येता येत नाही. मोठ्या सिस्टरांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर वजन टाकून बसल्या.

सव्वाअकरा वाजता दार उघडलं. सहायक डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पंचेचाळिशीच्या, उंच, नेहमी घाईत. आज त्या सावकाश चालत होत्या.

“झालं, सिस्टर. फार चिकटलेलं होतं, म्हणून वेळ लागला. पण छान झालं. लिव्हरला ओरखडासुद्धा नाही.”

 डॉक्टरीणबाई मोठ्या सिस्टरांशेजारी टेकल्या आणि डाव्या हातानं डोक्यावरच्या टोपीची गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता. त्याची बोटं मुठीसारखी वळलेली होती आणि तशीच राहिली होती.

“काय झालं हाताला?”

“पंखा,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. “धरायची सवयच गेलीय ना आमची. सरांनी सकाळी अचानक मागितला. बुटकी मागच्या खोलीत पळाली, कपाटातून पाकीट काढून आणलं. आणि मग सर दर दहा मिनिटांनी विचारतायत, हात दुखतोय का, मुंग्या आल्यात का. दोनदा तर कापायचं थांबवून मला म्हणाले, बसा खाली, पाणी प्या. आणि तोवर मूठ स्वतः धरून उभे.”

“स्वतः?”

“पाच पाच मिनिटं. नुसते पडद्याकडे बघत. काही न करता.”

मोठ्या सिस्टरांनी तो वळलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि करंगळीपासून एकेक बोट सरळ करायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

दार पुन्हा उघडलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. त्यांनी एका दमात सांगितलं: रक्तस्राव नाही, संध्याकाळपर्यंत अतिदक्षतेत ठेवू, उद्या चालवू. आवाज कोरा होता. डॉक्टरीणबाई उठून गेल्या. डॉक्टर मात्र उभेच राहिले. मग त्यांनी खिशातून औषधाच्या चिठ्ठीचा कागद काढला, भिंतीला टेकवून त्यावर काही लिहिलं आणि मोठ्या सिस्टरांपुढे धरला. औषध नव्हतं. पत्ता होता.

“त्या बाईंचे यजमान आहेत अजून,” डॉक्टर म्हणाले. “शहात्तर वर्षांचे झाले. ऐकायला नीट येतं. धाकट्या ताई घरी गेल्या की जा. मी त्यांना फोन करणार नाही.”

मोठ्या सिस्टरांनी कागद घेतला. त्यावरचा पत्ता दोनदा वाचला. 

“तिसरा मजला आहे. जिना जमेल तुम्हाला?”

“जमेल.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले, आणि थोडं थांबून, “सिस्टर,” आणि निघून गेले.

ट्रॉली बाहेर आली. धाकटीचा चेहरा सुजलेला, ओठ सुकलेले. चाकं दाराच्या उंबऱ्यावर धडधडली तसे तिनं डोळे किलकिले केले.

“ताई, झालं का गं?”

मोठ्या सिस्टर ट्रॉलीबरोबर चालू लागल्या. एका हातानं त्यांनी दांडी धरली. दुसऱ्या हातात कागद होता.

“तुझं झालं,” त्या म्हणाल्या.